सतरा इंच, शून्य सेंट

वाघजाईवाडी, तालुका पाटण
१४ जून १९४७. पाऊस निरंक.

ज्ञानू,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण आहे. तीन वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, तू मला लिहिलं नाहीस, आणि त्यावाचून दोघांचंही काही अडलं नाही. आताही आठवण आली म्हणून लिहीत नाही. म्हैस व्याली, माझे दोन दात पडले, हे तुला कळवायचं कारण नाही. काम पावसाचं आहे.

गेल्या मंगळवारी तुमच्या कचेरीतून एक मोजणीवाला आला. आपल्या केतकीच्या ओढ्यावर पूल होणार म्हणाला. मला बरं वाटलं. खालच्या आळीची पोरं ओढा ओलांडून शाळेला जातात, पावसाळ्यात दोन-दोन महिने घरी बसतात, आणि घरी बसलेली पोरं माझ्या पेरूवर चढतात. मग त्यानं काठच्या खडकावर चुन्याची रेघ मारली आणि म्हणाला, पूल एवढा उंच.

मी म्हटलं, "बाबा, ह्याच्यावरनं पानी गेलंय. पुरुषभर वरनं."

"आजीबाई, कागदावर तसं न्हाई. तुमच्या वहीतला सगळ्यात मोठा दिस नऊ इंचाचा हाय."

"आन् माझं सतरा?"

त्यानं पिशवीतून कागद काढला. २० जुलै १९४४. सतरा इंच, शून्य सेंट. त्याच्यावर तांबड्या शाईची रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात "ग्राह्य नाही". ते अक्षर कुणाचं हे मला कुणी सांगायला नको. तुझ्या आज्यानं ते तुझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलं तेव्हा मी शेजारीच भाकरी थापत होते.

तू विसरला असशील तर सांगते. तुझ्या आज्यानं बावीस वर्षं रोज सकाळी आठला त्या तांब्याच्या नळकांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतून मोजलं आणि वहीत लिहिलं. शंभर सेंटांचा एक इंच. तो गेल्यापासून मी मोजते. मला त्यानं वहीपुरतंच शिकवलं. अंक, महिने आणि एक शब्द, निरंक. पाऊस पडला नाही तरी निरंक लिहायचं, जागा मोकळी सोडायची नाही. मोकळी जागा म्हणजे मोजणारा गेलाच नव्हता. बाकीची अक्षरं मी नंतर इकडून तिकडून गोळा केली आहेत, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नकोस.

पुलाची उंची दसऱ्याच्या आत ठरायची आहे. त्या रेघेवर पूल बांधलात तर पुन्हा सतरा इंच पडतील त्या दिवशी तो जाईल, आणि तेव्हा वर पोरं असतील. खोडलं आहेस ते परत लिही. एवढंच काम.

आशीर्वाद.
आजी

वाघजाईवाडी
८ जुलै १९४७. पाऊस ३ इंच ४० सेंट.

ज्ञानू,

तुझं कार्ड पोचलं. मी पाटलाच्या जोतीरामाला वाचायला दिलं, कारण मला वाटलं माझंच वाचण्यात काही चुकतंय. त्यानंही तसंच वाचलं.

"आपले पत्र मिळाले. सन १९४४च्या जुलैपासून मापाची काचनळी फुटलेली असल्याचे आपणच कचेरीस कळविले आहे. काचनळी नसताना मोजलेला पाऊस ग्राह्य धरता येत नाही. नळी नातवाने फोडल्याचे आपल्या अर्जात नमूद आहे. कळावे."

जोतीराम म्हणाला, "म्हातारे, ह्यो कोन सायेब?"

मी म्हटलं, "ज्येचं ढुंगन मी धुतलं त्यो."

आपण! मला आपण म्हणतोस? ताप आला होता तेव्हा माझ्या लुगड्याच्या पदरात नाक पुसत होतास, तेव्हा नाही म्हणालास, आजीबाई, आपला पदर द्यावा.

आता कामाचं. नळी फुटली होती हे खरं. नवीन यायला ऑक्टोबर उजाडला. तोवर मी घरातल्या एका भांड्यानं मोजत होते. त्या भांड्याची चार मापं म्हणजे इंच. हे मला पक्कं ठाऊक होतं. कोणतं भांडं ते विचारू नकोस. हाताशी आलं ते घेतलं. पितळी होतं.

आणि ते नातवानं फोडली वगैरे. घाईत लिहिलं असेल. अर्जात कारण लिहावं लागतं म्हणे, मग कुणाचं तरी नाव येणारच. तू तसा लहानपणी पुष्कळ काही फोडलेलंस. तुळशीजवळची पणती, शेजारच्या नानासोचं डोकं.

रेघ खडकावर आहे तिथंच आहे. रोज पाऊस लागतो आणि चुना जात नाही. चांगला चुना वापरता तुम्ही.

आजी

वाघजाईवाडी
१६ ऑगस्ट १९४७. पाऊस ० इंच ९१ सेंट.

ज्ञानू,

तुझ्याकडून काही नाही. पण तुझ्या बायकोचं पत्र आलं. अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. तिला उत्तर वेगळं लिहीन, आधी कालचं सांगते, कारण गावात माझ्यावाचून कुणी ते नीट सांगणार नाही.

काल झेंडा लावायचा होता. सगळा गाव अंघोळी करून साताच्या ठोक्याला हजर. जोतीरामानं वीस हात उंच बांबू आणला आणि सरळ पाऊसमापाच्या कुंपणात शिरला. म्हणे ओटा आयता आहे, कुंपण आयतं आहे, झेंडा इथंच शोभेल. मी दारातून ओरडले,

"जोतीराम, भाईर ये! त्या नळकांड्याच्या धा हात आत काय बी हुभं ऱ्हात न्हाई. झाड न्हाई, भित न्हाई, मानूस बी न्हाई."

"आगं म्हातारे, सोराज्य आलंया!"

"आलंया तर येऊ दे. धा हात लांब."

"आज तरी..."

"आज बी पाऊस पडतोय का न्हाई? मग आज बी मापायचा."

सगळी हसली. जोतीरामाच्या बायकोनं तर पदर तोंडात घातला. शेवटी मीच पावलं मोजून दिली. दहा हात म्हटलं असतं तर त्यानं आठच धरले असते, म्हणून बारा मोजले. खड्डा तिथं खणला. आणि आठ वाजले! मी नळी घेऊन पुढं आले तशी शाळेचे मास्तर म्हणाले, आधी आजीचं होऊ द्या. मी पाणी ओतलं, डोळ्यासमोर धरलं आणि मोठ्यानं म्हटलं, "एक इंच बारा!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. झेंडा वर जायच्या आधी टाळ्या पावसाला पडल्या, ज्ञानू. बावीस वर्षांत तुझ्या आज्याला कुणी टाळी दिली नाही. मी आकडा वहीत लिहिला.

बुंदी वाटली. मी दोनदा घेतली.

आता तुझ्या बायकोचं. ती लिहिते, माझी दोन्ही पत्रं तू तिला मोठ्यानं वाचून दाखवलीस, पदराच्या ओळीला उठून पाणी प्यायला गेलास आणि बराच वेळ आला नाहीस. आणखी लिहिते की कचेरीत पहिल्याच महिन्यात तो माझा अर्ज तुझ्या हाती आला. नळी नातवानं फोडली, हे हेडक्लार्कनं सगळ्यांसमोर वाचलं आणि म्हणाला, सरकारी माल फोडणारा सरकारी नोकरीत आला की. सगळे हसले. तू खोलीवर जाऊन दोन दिवस जेवला नाहीस.

हे मला माहीत नव्हतं.

आजी

वाघजाईवाडी
२ सप्टेंबर १९४७. पाऊस ० इंच ६८ सेंट.

ज्ञानू,

हे पत्र तुझ्या साहेबाला दाखव. खाली सही केली आहे, अंगठा नाही, सही. साहेबासाठी लिहायचं तर सरळ लिहायला पाहिजे, म्हणून लिहिते.

१८ जुलै १९४४ला संध्याकाळी तू म्हणालास, "आज्जी, चल साताऱ्याला. मला नोकरी लागलीया. सांगलीची पोरगी बघितलीया, लगीन करनार हाय." तिथवर माझी तक्रार नव्हती. पुढं म्हणालास, "हितल्या पावसाची कुनाला पडलीया? ते कागद कचेरीत कुनी वाचत बी न्हाई." तुझा आजा जाऊन चार महिने झाले होते. बावीस वर्षं कुणी वाचलं नाही असं तू मला माझ्याच चुलीपुढं बसून सांगितलंस. मीही तुला सांगितलं. काय ते साहेबाला नको.

सकाळी तू ट्रंक डोक्यावर घेऊन निघालास. मी आठला मापाकडे गेले. निरंक नव्हतं, तीस सेंट होतं, ते लिहिलं. मान वर केली तर तू ओढ्यापलीकडे चढणीला लागलेला. एकदा तरी मागं बघेल म्हणून उभी राहिले. तू बघितलं नाहीस. हातात होतं ते तुझ्या दिशेनं भिरकावलं. काचनळी होती ती. ओढ्यातल्या दगडावर फुटली. तुला ऐकूही आलं नसेल.

तेव्हा नळी नातवानं फोडली नाही. मी फोडली. अर्जात खोटं लिहिलं. एक तर राग होता. दुसरं, आजीनं फोडली असं लिहिलं तर पाऊसमाप दुसऱ्याकडे जाईल ही धास्ती होती.

मग नऊच्या सुमारास पाऊस धरला. तासाभरात कळलं की आजचा वेगळा आहे. समोरचा डोंगर दिसेना, मग कुंपण दिसेना. त्या नळकांड्यात पाच इंच मावतं, वर गेलं तर सांडतं आणि सांडलेलं कुणी मोजत नाही. नळी नव्हती. ज्ञानू, मी घरात आले आणि तुझं बोंडलं घेतलं.

हो, तेच, तुला दूध पाजायचं, चोचीचं. तुझी आई बाळंतपणात गेली तेव्हा तू एवढासा होतास, आणि तुझा आजा तुझं दूधही मोजायचा. नळीत ओतून बघितलं त्यानं, पंचवीस सेंट. मग रोज संध्याकाळी मला हाक मारून सांगायचा, "आज पोरगं दीड इंच प्यालं!" कमी प्यालास की म्हणायचा, दुष्काळ. म्हणून चार बोंडल्यांचा इंच हे मला पक्कं ठाऊक होतं. ते बोंडलं अजून घरात का होतं, असं तुझी बायको विचारेल. मोडीत घालायला वेळ मिळाला नाही.

डोक्यावर पोतं घेऊन दुसऱ्या सकाळी आठपर्यंत मी सात खेपा केल्या. दर बोंडल्याला दाराशेजारच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढली. अडुसष्ट रेघा झाल्या. चारनं भागले, सतरा आले, काही उरलं नाही, म्हणून शून्य सेंट लिहिलं. तो आकडा इतका गोल दिसतो म्हणून तुम्हाला खोटा वाटतो ना? खोटं लिहायचं असतं तर मी सतरा इंच तेरा लिहिलं असतं. तेवढी अक्कल मला आहे.

ओढ्याचं पाणी त्या दिवशी खालच्या आळीच्या उंबराच्या मुळापर्यंत आलं होतं. रेघा अजून भिंतीवर आहेत. तीन दिवाळ्या मी तेवढा कोपरा पांढरा केला नाही. चुना संपला होता.

येऊन बघा.

सही: मनुबाई

वाघजाईवाडी
१२ ऑक्टोबर १९४७. पाऊस निरंक.

विजयमाला, पोरी,

तू सांगलीला माहेरी पोचलीस हे ज्ञानूनं सांगितलं. तो तुला कचेरीतल्या भाषेत लिहील आणि सगळी गंमत घालवील, म्हणून मी लिहिते. पाय वर करून बस आणि वाच.

गुरुवारी दुपारी मी शेंगा निवडत होते. वर बघते तर ओढा ओलांडून तिघं. मोजणीवाला, एक पोरगेलासा साहेब, आणि मागं तुझा नवरा, छातीशी खोकं धरून. खोक्यात काचनळी होती, गवतात गुंडाळलेली. तान्हं पोर धरावं तशी धरली होती त्यानं. जाड झाला आहे. तुझ्या हाताला चव असावी.

अंगणात आला आणि उभाच. मीही उभीच. शेवटी मी म्हटलं, "पाय धू."

"धुतो. बोंडलं कुठाय?"

"आधी पाय."

साहेबानं आधी भिंत बघितली. एकेक रेघेवर बोट ठेवून मोजत गेला. चाळिसाच्या पुढं त्याची चूक झाली, परत पहिल्यापासून. अडुसष्ट. म्हणाला, "आजीबाई, तुम्ही पाचवी रेघ आडवी का नाही मारली? मोजायला सोपं गेलं असतं."

"पावसात हुबं ऱ्हाऊन बगा, मग सांगा आडवी का हुबी."

मग ज्ञानूनं बोंडलं घेतलं. हातात धरून उलटंपालटं करत राहिला. मी म्हटलं, त्याला दात नाहीत, ते चावणार नाही. त्यानं कळशीतलं पाणी त्यात ओतलं, चोचीच्या खालपर्यंत, कारण त्याच्यावर ओतलं की चोचीतून गळतं. ते नळीत ओतलं. पंचवीस सेंट. साहेब म्हणाला, "बरोबर आहे. सतरा इंच." मोजणीवाल्यानं वही मिटली.

सगळ्यांचं झालं होतं, पोरी. मला गप्प बसता आलं असतं. पण माझ्या अंगठ्याला आठवलं.

"थांबा. मी तसं न्हाई भरलं."

"मंजी?" ज्ञानू म्हणाला.

"आज्या तसा भरायचा, दूध सांडू नये म्हनून. मी पावसात भरलंय. असं." चोचीवर अंगठा दाबला आणि काठोकाठ भरलं.

ज्ञानूनं ते नळीत ओतलं. डोळ्यासमोर धरलं. परत एकदा भर म्हणाला. परत. तीन वेळा भरलं, तिन्ही वेळा सत्तावीस. पंचवीसचं माप धरून मी सत्तावीसचा पाऊस लिहीत गेले होते. साहेबानं गुडघ्यावर कागद ठेवून गुणाकार केला, दोनदा केला, आणि म्हणाला, "अठरा इंच छत्तीस सेंट."

ज्ञानूनं कागद घेऊन तोच गुणाकार स्वतः केला. मग साहेब म्हणाला, "आजीबाई, तुमचा आकडा चुकीचाच होता. आम्ही जास्त म्हणून खोडला, तो कमी निघाला."

पहिला ज्ञानू हसला. त्याचं हसू तुला ठाऊक आहे ना, आत कोंडून नाकातून येतं ते. मग त्याला आवरेना, तो खाली बसला. मलाही आवरेना. दोन दात नाहीत त्यामुळे माझं हसणं शिट्टीसारखं येतं, त्यावर साहेब हसायला लागला. जोतीराम कुंपणावरून ओरडला, "काय झालं गं म्हातारे?" मी म्हटलं, "पाऊस वाढला!" तो वर आभाळाकडं बघायला लागला. लख्ख ऊन होतं.

सगळे ओढ्यावर गेलो. खडकावरची जुनी रेघ ज्ञानूनं दगडानं खरवडून काढली, स्वतः. नवी रेघ उंबराच्या मुळाच्याही हातभर वर मारली. साहेब म्हणाला, पूल आता इथून जाईल. खालच्या आळीच्या बायका बघायला आल्या होत्या. एकीनं त्या रेघेला हळदकुंकू लावलं. मोजणीवाला म्हणाला, बाई, सरकारी खूण आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

परत आल्यावर ज्ञानूनं पिशवीतून माझा तो जुना अर्ज काढला. मी म्हटलं, "मार काट. तांबडी शाई आनलीस न्हवं?"

"नुसती काट मारून चालत न्हाई. खाली कारन लिवावं लागतं."

त्यानं "नातवाने" खोडलं आणि वर "आजीने" लिहिलं. खाली लिहिलं, "दुरुस्ती केली." मला सही करायला लावली. मी केली. मग म्हणाला, "आज्जी, मी चढनीवर हुतो तवा कायतरी फुटल्याचं ऐकलं हुतं मी."

"मग मागं का न्हाई बगितलंस?"

"बगितलं असतं तर परत आलो असतो."

मी त्याला शेंगा निवडायला बसवलं. दोन दिवस राहिला. जुलै ते ऑक्टोबर चव्वेचाळीसचे सगळे आकडे त्यानं सत्तावीसनं परत काढले, कुरकुर करत. मी ज्वारीची भाकरी आणि म्हशीचं दही देत राहिले, तो काढत राहिला. जाताना ओढा ओलांडला, चढणीला लागला आणि मागं बघितलं. तीनदा. तिसऱ्यांदा ठेचाळला. हे त्यानं तुला सांगितलं नसेल.

आजी

वाघजाईवाडी
३ डिसेंबर १९४७. पाऊस निरंक.

विजयमाला आणि ज्ञानू,

मुलगी झाल्याचं कळलं. मी पेढे वाटले नाहीत, गूळखोबरं वाटलं, आणि जोतीरामाला दोनदा दिलं. नाव काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा. ज्ञानूनं कार्डात लिहिलं आहे, पाऊस ठेवू या. त्याला पाटीनं मारा.

पाटणला जाणाऱ्या नानासोकडे पुडकं दिलं आहे. त्यात बोंडलं आहे. कराडच्या कल्हईवाल्याकडून आतून कल्हई करून घेतली आहे, तेव्हा आता त्यात अर्धा सेंट कमी मावत असेल. ज्ञानूला मोजायला सांग, नळी कचेरीत आहेच. चोचीखालपर्यंतच भरायचं, अंगठा लावायचा नाही. अंगठा फक्त पावसाला.

मी सध्या येत नाही. सकाळी आठला इथं कुणीतरी पाहिजे. फाल्गुनात जोतीरामाची बायको मोजायला तयार आहे, तिला शिकवते आहे. ती निरंक लिहायला शिकली. मग येईन आठ दिवस. पुलाचे दगड येऊन पडले आहेत. पोरं आत्ताच त्यांच्यावरून उड्या मारतात आणि पेरूकडे कुणी फिरकत नाही, त्यामुळे यंदा पेरू फार झाले आहेत, तेही पुडक्यात आहेत.

रोज एक कार्ड टाकायला तुम्हाला वेळ नसेल. महिन्याचं एक टाका. त्यात तारखा घाला आणि पोरगी कोणत्या दिवशी किती प्याली ते सेंटात लिहा. रुसून प्याली नाही तर निरंक लिहा. मोकळी जागा सोडलीत तर मी चालत सांगलीला येईन.

मनुबाई, पाऊसमाप, वाघजाईवाडी